हात सोडून नमस्कार

आबा अजून आहेत. तरी त्यांच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडून 'आबा असे होते, आबा तसे होते' असंच येतं, आणि मग मी जीभ चावते. काकींसमोर, म्हणजे त्यांच्या बायकोसमोर, एकदा असं बोलले, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून जपून बोलते. पण खरं सांगते, मी ज्या आबांच्या घरात सहा वर्षं भाड्यानं राहिले ते आबा आणि आज ओसरीवर बसून दाराच्या कडीशी खेळणारे आबा, यांना एकच माणूस म्हणताना जीभ अडखळते. त्यात माझा वाटा किती, हा माझा जुना प्रश्न आहे. तो कुणाला विचारायची हिंमत मला कितीतरी वर्षं झाली नाही.

मी मूळची कोल्हापूरकडची. शिक्षिकेची नोकरी लागली ती थेट समुद्राकाठी, मिठबावच्या अलीकडे एका वाडीत. पहिल्याच दिवशी पिशव्या घेऊन खोली बघायला गेले, तर आबा माडाखाली नारळांच्या ढिगात बसले होते. एकेक नारळ कानाशी धरून हलवत होते आणि दोन ढीग करत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घाटावरली मा? तांबडो रस्सो पितंस, मगे हयसरचा तिरफळ सोसतला तुका?" मी म्हटलं, सोसेल की. "मगे रव," म्हणाले. भाडं, वीज, पाणी, कशाचंही बोलणं झालं नाही. ते सगळं नंतर काकींनी ठरवलं.

आबांना गाऱ्हाणी घालायचा नाद होता. म्हणजे गावच्या देवळात जत्रेला, राखणदाराला नारळ देताना जे गाऱ्हाणं घालतात, ते तर घालायचेच. गावात त्यांच्याइतका खणखणीत आवाज दुसरा नव्हता. पण आबा कशासाठीही गाऱ्हाणं घालायचे. सकाळी मी एसटीची वाट बघत दारात उभी असले, की मागून आवाज यायचा. "बा देवा म्हाराजा! साडेआठची गाडी आज साडेआठाकच येवंदे, नायतर ह्या मास्तरणीची अर्धी रजा जातली रे म्हाराजा!" आणि आतून, घावणे उलथता उलथता, काकी म्हणायच्या, "होय म्हाराजा!" कुकरची शिट्टी होत नाही म्हणून गाऱ्हाणं. मांजर व्याली म्हणून गाऱ्हाणं. आमचे मुख्याध्यापक माझ्यावर डाफरले, तर त्यांच्या बायकोनं त्यांना रात्री जेवणात मीठ कमी घालावं म्हणून गाऱ्हाणं. मी हसून मेले होते तेव्हा.

मात्र 'होय म्हाराजा' कुणीतरी म्हणायलाच हवं. नाही म्हटलं तर आबा तसेच उभे राहायचे, हात जोडून, डोळे मिटून, कुणी म्हणेपर्यंत. म्हणायचे, "होय म्हणणारो नसलो तर ता गाऱ्हाणा नाय, ती बडबड." सुरुवातीला मला लाज वाटायची. महिन्याभरात मीही आंघोळीच्या तांब्यासकट ओरडायला लागले, "होय म्हाराजा!"

दुसरी खोड हाताची. गावाच्या वेशीवर एका वळणाशी राखणदाराची जागा आहे. देऊळ नाही, चिऱ्यांचा चौथरा, त्यावर एक उभा दगड, शेजारी जुनाट वड. तिथून जाताना आबा दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे. चालत असोत, बसमध्ये उभे असोत, की कुणाच्या मोटरसायकलवर मागे. दोन्ही हात. एक हात धरून दुसरा कपाळाला लावणाऱ्यांवर ते चिडायचे. "एका हातान देवाक काय रामराम करतंस, तो काय तुझो मेव्हणो?" असं बसच्या कंडक्टरला भर गाडीत सुनावलं होतं त्यांनी.

मी स्कूटी घेतली तेव्हा तिची पूजा काकींनी केली आणि गाऱ्हाणं अर्थातच आबांनी घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या घाटावरल्या चेडवान नवी गाडी घेतल्यान. गाडयेक ब्रेक आसत, चेडवाक नाय. तेका तू संभाळ रे म्हाराजा!" मग मला गाडी नीट येईपर्यंत स्वतः मागे बसायचे, भार म्हणून. वळण आलं की मी गाडी अगदी हळू करायची, आबा हात सोडून नमस्कार करायचे, परत माझा खांदा धरायचे, की मी पुढे न्यायची. हे आमचं ठरलेलंच होतं. न बोलता ठरलेलं.

त्या दिवशी शाळेत साहेब तपासणीला यायचे होते आणि मला उशीर झाला होता. आबांना वाटेत बाजारात सोडायचं होतं. वळण आलं. मला ठाऊक होतं की आबा हात सोडणार. हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय, म्हणून इथंही सांगते: मला ठाऊक होतं. पण डोक्यात साहेब होते. गाडी हळू केली नाही. वळणावर खडी होती. मागचं चाक सरकलं, मी कशीबशी पाय टेकून सावरले, पण मागचा भार एकदम हलका झाला. वळून पाहिलं तर आबा राखणदाराच्या चौथऱ्याशी पडलेले, डोकं चिऱ्याला लागलेलं, आणि हात अजून जोडलेलेच.

मी गाडी तिथंच टाकून धावले. आबा उठून बसले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आज वार खंयचो?" मी सांगितलं, बुधवार. टोपी शोधून दिली. परत विचारलं, "आज वार खंयचो?" असं चार वेळा. रडत रडत मी चार वेळा बुधवार सांगितला. घराजवळ आलो तेव्हा मात्र थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मास्तरणी, न्हाणयेकडच्या पायरेर शेवाळ आसा. मी थंय घसारलंय. कळला?"

मी म्हटलं, "आबा, असं कसं? काकींना खरं सांगायला हवं."

"राखणदारान बघल्यान, मी बघलंय, तू बघलंस. चवथो कोण नाय. ती तुका घरातून भायर काढीत, आणि तुझ्यासारखी होय म्हणणारी माका परत खंय मेळतली?"

मी गप्प बसले. घाबरट माणसाला गप्प बसायला फार कारण लागत नाही.

रात्री त्यांना उलट्या झाल्या. कुडाळला नेलं, डोक्याचा फोटो काढला. आत थोडं रक्त साकळलं होतं, चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, कसे पडले, किती उंचीवरून, गाडीवरून पडले का? काकी म्हणाल्या, "न्हाणीच्या पायरीवर घसरले हो." मी तिथेच उभी होते, काकींचा हात धरून. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर काकी रोज सकाळी उठून ती पायरी घासायच्या. नारळाच्या सोडणानं, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीनं, आणि चुन्यानं. ओणव्या होऊन, कंबर धरत. "माझ्याच आळशीपणान ह्यो माणूस पडलो गो," असं मला म्हणायच्या. खोलीच्या खिडकीतून मला ते घासणं ऐकू यायचं. त्या आवाजानं मला दोन वर्षं जाग यायची. आणि दोन वर्षं मी ठरवायची, आज सांगायचं. मग काकी गरम घावणा आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पुढं ठेवायच्या, केसांवरून हात फिरवायच्या, आणि माझी पाचावर धारण बसायची. मला आई लहानपणीच नाही. या घरातून मला बाहेर काढलं तर मी जाणार कुठं, ही माझी साधी, स्वार्थी भीती होती.

आबा बरे झाले असं सगळं गाव म्हणायचं. मला मात्र माहीत होतं की नाही. त्यांचं नाक गेलं होतं. पूर्वी आबा बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, आत येता येताच ओरडायचे, "आज पेडवे! आणि तिरफळा चार कमी घातलंस!" आता वास म्हणून काही येईना. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "गो, आज काय रांधलाहा ता हळूच सांग." मग ते रोजचंच झालं. मी शाळेतून आले की चुलीकडे डोकावायची, ओसरीवर येऊन कुजबुजायची, "बांगडा, आबा, आणि सोलकढी." आबा छाती फुगवून आत जायचे. "बांगडो वाटता! वासानच भूक लागली!" काकी खूश. एकदा मी घाईत तारली सांगितलं आणि निघाला सौंदाळा. आबांनी पूर्ण जेवण तारलीचं कौतुक करत सौंदाळा खाल्ला. काकींनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

मग माझी बदली झाली, खारेपाटणला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घासण्याचा आवाज सुटला. पण जीव तिथंच टांगलेला. काकींचा फोन आला की मी तो लगेच उचलायची नाही, दोनदा वाजू द्यायची. आणि फोन वाईट होत चालले होते. आबांनी आज चहात मीठ घातलं. आज बाजारातून घरची वाट विसरले, कोणीतरी आणून सोडलं. आज नारळ कानाशी धरला आणि विचारलं, ह्या काय आसा?

दुसरा फोटो काढला त्या दिवशी मी रजा टाकून गेले. डॉक्टर तेच होते. त्यांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. कवटी तेवढीच, पण आतला मेंदू आक्रसलेला. कवटी आणि मेंदूच्या मध्ये काळी फट दिसत होती. डॉक्टर म्हणाले, या रिकाम्या जागेत पाणी भरलंय, हे घाबरण्यासारखं नाही, पण जे सुकलं ते परत भरून येत नाही.

आबा त्या दिवशी चांगले शुद्धीत होते. फोटोकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे गोटो झालो मरे!"

डॉक्टर घाटावरचे असावेत, त्यांना कळेना. मी समजावलं की नारळ फार दिवस ठेवला की आतलं खोबरं सुकून करवंटीपासून सुटतं, हलवला की खुळखुळतं, त्याला गोटा म्हणतात. डॉक्टर हसले आणि म्हणाले, इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. आबांना हुरूप आला. "पण नारळातला पाणी आटता तेवा गोटो होता. माझ्यात पाणी भरला म्हणतास. म्हंजे मी उलटो नारळ!" मग काकींच्या कानाजवळ डोकं नेऊन हलवायला लागले. "ऐक गो, वाजता काय?" काकी म्हणाल्या, "वाजाक आधी आत कायतरी होया मा!" दोघंही हसले. मी पण हसले, आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

निघताना मी एकटीच डॉक्टरांकडे परत गेले. विचारलं, "हे त्या पडण्यामुळे झालं का?" ते म्हणाले, डोक्याला असा मार बसला की पुढे काही वर्षांनी मेंदू झिजतो, काहींचा. वयाच्या आजारानंही झिजतो. यांच्यात दोन्ही असावं. मी म्हटलं, "म्हणजे पडले नसते तर?" ते म्हणाले, "पडले नसते तरी कदाचित झालं असतं. कदाचित नसतंही." तेवढंच. नाही म्हणाले असते तर मी सुटले असते, हो म्हणाले असते तर निदान रडून मोकळी झाले असते. त्या 'कदाचित'नं मला ना इकडची ठेवलं ना तिकडची.

त्यानंतर माझी भीतीही बदलली. आधी वाटायचं, मी सांगायला हवं. आता वाटायला लागलं, आबाच सांगून टाकतील. त्यांची जीभ सुटली होती. मनात येईल ते बोलायचे. शेजारच्या बाईला तोंडावर सांगितलं की तुझी सोलकढी पाणचट असते. मुंबईला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला फोनवर, तो घरी कधी येणार ते विचारायच्या ऐवजी, त्याच्या सासऱ्याला टक्कल पडलं का ते विचारलं. अशा तोंडात माझं गुपित होतं. दर महिन्याला मी जायची, आबांच्या शेजारी बसायची आणि ते काही बोलायला तोंड उघडत की माझा हात त्यांच्या तोंडाकडे जायचा. काय माणूस झाले होते मी! ज्यांचं डोकं माझ्या गाडीवरून आपटलं, त्यांनी आणखी थोडं विसरावं म्हणून वाट बघत होते.

अशाच एका फेरीत सकाळी न्हाणीकडे गेले आणि पाहिलं तर पायरी हिरवीगार. शेवाळाचा थर. मला वाटलं, काकी थकल्या. मी सोडण घेतलं आणि घासायला बसले. काकी मागून आल्या. "कित्याक घासतंस गो?"

"आबा परत घसरतील."

"ऱ्हवंदे," म्हणाल्या. "ती पायरी बिचारी काय करता?" आणि माझ्या हातातलं सोडण काढून घेऊन चुलीत टाकलं. मी विचार केला, वैतागल्यात. माझी अक्कल तेवढीच.

यंदा राखण द्यायचा दिवस आला. वर्षाचा नारळ राखणदाराला द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. काकींनी फोन केला, "तू ये. ह्यांका एकटा धरून नेवक माका जमाचा नाय." गेले. आबा आता मला ओळखत नव्हते. माझ्याकडे बघून हसले, जसं बसमधल्या अनोळखी बाईकडे बघून हसतात. आम्ही दोघींनी त्यांना दोन्हीकडून धरून चालवत वेशीपर्यंत नेलं. त्या वळणाला मी गाडीनं जायचं कधीच बंद केलं होतं.

सकाळची वेळ. वडाखाली आम्ही तिघंच. काकींनी नारळ चौथऱ्यावर ठेवला. मला वाटलं, आता कसलं गाऱ्हाणं, काकीच दोन शब्द बोलतील. पण चौथरा दिसला आणि आबांनी आमच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले. दोन्ही जोडले. डोळे मिटले. आवाज बारीक झाला होता, पण तोच.

"बा देवा म्हाराजा!" पुढे सगळं विस्कटलं. एका देवाचं नाव घेतलं, मग तेच परत, मग मेलेल्या बैलाचं नाव, मग मुलाचं. काकी प्रत्येक थांब्याला म्हणत होत्या, होय म्हाराजा. मग आबा जरा थांबले. आणि जणू कुणी वात वर केली, असा आवाज स्वच्छ झाला.

"बा राखणदारा म्हाराजा, आमच्या मास्तरणीची गाडी तुझ्या दारात घसारली. तेका शाळेची घाय होती. हात मी सोडलंय, तेना सोडूक नाय. तेचो दोष तेका लावू नको. तेचा बरा कर रे म्हाराजा!"

मी चौथऱ्यावरच्या नारळाकडेच बघत राहिले. काकींकडे बघायची हिंमत नव्हती. आणि शेजारून, घावणे उलथताना यायचा तसल्याच साध्या आवाजात ऐकू आलं, "होय म्हाराजा."

"काकी," मी म्हटलं.

"रोज पहाटे, तू उठाच्या आधीच, ह्याच गाऱ्हाणा," काकी म्हणाल्या. नजर आबांवरच. "तीन वर्सां झाली. माझा नाव इसारले, झिलाचा इसारले, ह्या नाय इसारले."

"मी सांगणार होते. रोज सांगणार होते."

"माका म्हायत आसा. तू इलंस की मी पण वाट बघी. आता सांगात, जेवल्यार सांगात." आबांची टोपी नीट केली. "राग इलो नाय असा कसा म्हणू? पयल्यांदा आयकलंय तेवा तोंडातून होय येयना. दोन दिवस मी होय म्हटलंय नाय, आणि दोन दिवस ह्यो माणूस हात जोडून दुपारपर्यंत उभो. जेवक नाय, बसाक नाय. तिसऱ्या दिवशी म्हटलंय. मगे रोज म्हणत गेलंय. म्हणता म्हणता खरा झाला."

मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. पण आबा अजून उभेच होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले. गाऱ्हाणं त्यांच्या लेखी पुरं झालं नव्हतं. त्यांनी एक डोळा उघडला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"बाये, तू कोणाची गो?" म्हणाले. "खंयची पण आस. होय म्हण. आमची मास्तरीण बरी आसा."

मी म्हटलं, होय म्हाराजा. पण हळू, पुटपुटल्यासारखं.

"मोठ्यान म्हण गो," आबा म्हणाले. "तेका ऐकाक येवक होया."

काकींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आबा डोळे मिटून वाट बघत राहिले. मग मी मोठ्यानं म्हटलं.